शेजारी आहेत

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मोजणीदार कारखान्यात आला, आणि पलीकडच्या मालकाशी आपला काही संबंध नाही असं थोरल्याने त्याला सांगितलं. प्रश्न साधा होता. मोजणीदाराच्या काखेत फाईल होती, हातात फीत होती. त्याने दारातूनच विचारलं, "बाजूचा गाळा विकला जातोय, मधल्या भिंतीचं माप घ्यायचंय. त्यांच्याशी तुमचा काही संबंध?" थोरला तेव्हा साच्यातून नुकतीच निघालेली रबरी वायसर चिमटीत दाबून बघत होता. मान वर न करता तो म्हणाला, "नाही. शेजारी आहेत." वायसर चिमटीत तशीच राहिली. ती बरीच गरम होती, पण हे त्याला जरा उशिरा कळलं. आधी कळलं ते हे, की धाकटा भाऊ गाळा विकतोय. त्यानंतर कळलं की हे वाक्य आपण बोललो नाही, ते आपलं आपण बाहेर पडलं. वर्षानुवर्षं तपासनीसांपुढे, बँकवाल्यांपुढे, खरेदी खात्याच्या माणसांपुढे ते इतक्या वेळा बोलून झालं होतं, की आता ते बोलायला थोरल्याची गरज उरली नव्हती.

"बरं झालं," मोजणीदार म्हणाला आणि फितीचं टोक त्याने भिंतीच्या कोपऱ्यात खिळ्याला अडकवलं. "नात्यातली माणसं असली ना, की फार डोकं खातात. एक म्हणतो इकडे धर, दुसरा म्हणतो तिकडे. त्यापेक्षा शेजारी परवडले." मग भिंतीवर टिचकी मारून त्याने विचारलं, "ही कुणाची?"

"दोघांची."

"मग मधोमध धरतो. अर्धी वीट तुमची, अर्धी त्यांची. हरकत?"

थोरल्याने मान हलवली. हरकत आहे की नाही हे त्या हलवण्यातून त्याचं त्यालाही कळलं नसतं, पण मोजणीदाराने आकडा लिहून टाकला. लिहितालिहिता तो म्हणाला, "ते म्हणालेच होते. पलीकडे जा, माणूस सरळ आहे, अडवणार नाही."

"अजून काय म्हणाले?"

"अजून काय म्हणणार? शेजारी आहेत म्हणाले."

मोजणीदार गेला. फीत गुंडाळतानाचा सरसर आवाज थोडा वेळ कानात राहिला. प्रेस तापलेला होता, कामगार साचा भरत होते, जळक्या गंधकाचा नेहमीचा वास होता. या वासात थोरला वाढला होता. शाळेत त्याच्या बाकावर बसायला मुलं कुरकुर करायची, आणि धाकटा शाळेत आला तेव्हा मास्तरांनी नाव विचारायच्या आधीच वासावरून ओळखलं होतं, याचाच भाऊ. त्या काळी ही शेड एक होती, लांबच लांब, आगगाडीच्या डब्यासारखी. एका टोकाला रबर मळणारे दोन लोखंडी रूळ, दुसऱ्या टोकाला साच्यात रबर दाबून शिजवणारा प्रेस. वडील गेल्यावर रुळांपाशी धाकटा उभा राहिला, प्रेसपाशी थोरला. कुणी तसं ठरवलं नव्हतं. पीठ मळावं तसं रबर रुळांतून पुन्हापुन्हा काढायचं, त्यात काजळी, गंधक, तेल घालायचं, आणि पातळ पट्टा झाला की त्यावर शंखजिऱ्याची पूड भुरभुरवून तो पुढे द्यायचा. पट्टा तयार झाला की धाकटा तिकडून ओरडायचा, "दादा, आला रे!" आणि थोरला इकडून ओरडायचा, "येऊ दे, छोट्या!" दिवसभर शेडभर हे दोनच संवाद. संध्याकाळी दोघांच्या पापण्यांवर पांढरी पूड असायची. आई म्हणायची, माझी पोरं कारखान्यात जाऊन रोज म्हातारी होऊन येतात.

आई दोघांच्या मधे बसायची. तयार वायसरच्या कडेला जो फाजील रबराचा पदर राहतो, तो कात्रीने कापायचं काम तिने मागून घेतलं होतं. कापताना ती दोन्हीकडे बोलायची. तिचं बोलणं आणि कात्रीचा कचकच आवाज यांत फार फरक नव्हता. दोन्ही अखंड चालायचे आणि दोन्ही थांबले की चुकल्यासारखं वाटायचं.

तिसरा प्रेस घेतला त्या वर्षी सल्लागार आला. मिशीला कलप लावणारा, प्रत्येक वाक्यानंतर 'बरोबर ना?' म्हणणारा माणूस. त्याने यंत्रांकडे बघून जाग्यावर हिशेब केला आणि म्हणाला, "अभिनंदन करू की सांत्वन करू? हा प्रेस घेतलात आणि तुम्ही मोठे झालात. लघुउद्योगाची जी मर्यादा आहे, ती तुम्ही ओलांडलीत. आता स्वस्त कर्ज नाही, सरकारी खरेदीतला राखीव वाटा नाही, आणि गिऱ्हाइकाने पैसे थकवले तर लहानासाठी जो कायदा आहे, तो तुमच्यासाठी नाही. सरकार लहानाला जपतं. मोठ्याने आपलं आपण बघायचं. बरोबर ना?"

"मी इतकी वर्षं यांना मोठं करायला बघतेय," आई कात्री न थांबवता म्हणाली, "आणि सरकारला लहानच हवेत?"

सगळे हसले. सल्लागारही हसला आणि मग त्याने उपाय सांगितला. एकाचे दोन करा. हा उद्योग थोरल्याचा, तो, रुळांचा आणि नव्या प्रेसचा, धाकट्याचा. दोन दारं, दोन मीटर, दोन पाट्या. मधे भिंत. कागदावर नको, विटांची हवी, कारण येऊन बघतात. कायद्यात खोट नव्हती. थोरल्याने नंतर अनेकदा स्वतःशी हे तपासून पाहिलं होतं. लहान माणूस मोठ्यापुढे चिरडला जाऊ नये म्हणून कुणीतरी विचार करून तो केला होता, आणि त्याने खरोखर जपलं. त्या आधारावर कर्ज मिळालं, कामं मिळाली, कामगारांचे पगार कधी चुकले नाहीत. फक्त त्या कायद्याला लहानपण वस्तूंवरून मोजता येत होतं. दोन भाऊ एका आईमागे किती लहान असतात, हे मोजायची फीत त्याच्याकडे नव्हती, आणि ती त्याने का ठेवावी?

भिंत दोघांनी मिळून बांधली. गवंडी होता, पण विटा हे दोघं देत होते, एक इकडून, एक तिकडून. छातीपर्यंत आली तोवर दोघं बोलत होते. डोक्यावर गेली तेव्हा धाकटा पलीकडून ओरडला, "दादा, दिसतोयस का?" आणि त्याने एक वीट वर धरून नाचवली. आईने तेव्हा विचारलं, "मी कुठल्या बाजूला?" प्रश्न खरा होता. तिचं नाव एकाच हजेरीपटावर बसू शकत होतं. शेवटी नाव थोरल्याकडे लागलं आणि ती एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे बसू लागली. तपासनीस आला की ज्या बाजूला नाव आहे तिथे धावत यायची, कात्री पदराखाली लपवून.

पट्टे द्यायला भिंतीत खिडकी ठेवली होती. पहिल्याच तपासणीत ती नजरेला आली. "ही कशाला?" तपासनीसाने विचारलं. "हवेसाठी," धाकटा म्हणाला. तपासनीस गंभीर माणूस होता. "एका उद्योगाची हवा दुसऱ्या उद्योगात कशी जाईल?" तो म्हणाला. "बुजवा." मग त्याने धाकट्याकडे वळून, थोरला शेजारीच उभा असताना, बोटाने त्याला दाखवून विचारलं, "तुमचा यांच्याशी व्यवसायात काही संबंध?" आणि धाकट्याने चेहऱ्यावरची रेघ न हलवता सांगितलं, "काही नाही. शेजारी आहेत." त्या संध्याकाळी घरी आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. धाकट्याने ते वाक्य तिला परत परत म्हणून दाखवलं, तपासनीसाच्या मानेच्या झटक्यासकट. तेव्हापासून 'दादा' गेला आणि 'शेजारी' आला. "काय शेजारी, चहा घेणार?" "शेजारी, पाना द्या जरा." पट्टे आता हातगाडीवरून, रस्त्याने वळसा घालून, रीतसर बिलासह यायचे आणि हातगाडी दारात आली की थोरला म्हणायचा, शेजाऱ्यांकडून माल आला. थट्टा होती. थट्टा कधी झिजली, हे थोरल्याला आठवून आठवून सापडत नसे. प्रेसवरचा साचा असाच झिजतो. रोज हाताळणाऱ्याला दिसत नाही. एक दिवस वायसर नळाला बसत नाही, तेव्हा कळतं.

आई होती तोवर बोलणं इकडून तिकडे जात होतं. "त्याचा रूळ कुरकुरतोय रे, रात्रभर जागाच होता." "तुझ्या पाठीचं सांगितलं त्याला, मलम दिलंय, हे घे." तिने निरोप म्हणून कधी काही आणलं नाही. ती फक्त कालच्या बाजूचं आज या बाजूला बोलत होती. ती गेली, आणि दोघांच्या लक्षात आलं नाही की आता हे काम कुणाकडे तरी द्यायला हवं होतं. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर कुणी मधे पडलं असतं, दोन वडीलधाऱ्यांनी दोघांना समोर बसवलं असतं. इथे मिटवायचं काय, हेच सांगता आलं नसतं. एकदा हातगाडी उशिरा आली, थोरल्याने अडचण नको म्हणून बाहेरून पट्टे आणले. धाकट्याला ते कळलं असणार, त्याने दुसरी गिऱ्हाइकं धरली. एकाच सरकारी कामासाठी दोघांना वेगवेगळे भाव भरावे लागायचे आणि भाव ठरवायला एकत्र बसणं हाच गुन्हा होता. म्हणून बसणं थांबलं. आधी कामासाठी थांबलं, मग कशासाठीच उरलं नाही. भिंतीपलीकडून रुळांची घरघर यायची. थोरला त्यावरून ओळखायचा की आज कडक माल चाललाय की मऊ. इतकंच त्याला भावाबद्दल माहीत असायचं आणि ते पुरेसं आहे असं त्याला वाटायचं.

मग पंप बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने धाकट्याचे पैसे अडवले. लहानांची थकबाकी वसूल करून देणारं सरकारी मंडळ असतं, तिथे तो गेला. कंपनीच्या वकिलाने उलटा मुद्दा काढला. हा लहान नाहीच. हे दोन भाऊ एकच धंदा करतात, भिंत हे नाटक आहे, म्हणून याला संरक्षण लागू नाही. थोरल्याला साक्षीला यावं लागलं. धाकट्याची वकीलबाई आदल्या दिवशी फोनवर म्हणाली होती, "जाणं-येणं विचारतील. नाही म्हणा. जिभेवर येत नसलं तरी म्हणा. सगळा दावा तुमच्या एका 'नाही'वर आहे." थोरल्याने आरशासमोर दाढी करताना ते 'नाही' म्हणून पाहिलं होतं. भावासाठी खोटं बोलायचं, यात त्याला एक प्रकारचा आनंदही वाटला होता. किती दिवसांनी त्याच्या उपयोगी पडतोय.

ती खोली आता त्याला स्वच्छ दिसत होती. लांब टेबल, काचेवर थंड चहाचे गोल डाग, पंखा एका बाजूला कललेला. धाकटा समोरच्या खुर्चीत. तो बारीक झाला होता आणि शर्टाची कॉलर मानेला सैल होती. वकिलाने हसतच सुरुवात केली.

"सख्खे भाऊ ना?"

"हो."

"एकाच आईचे?"

"सख्खे म्हणजे तेच की."

टेबलामागे कुणीतरी हसलं. "रोज बोलणं होतं?" नाही. "घरी जाणं-येणं?" नाही. थोरल्याने दोन्ही 'नाही' तयारीप्रमाणे म्हटले, आणि दुसरा म्हणताना त्याच्या ध्यानात आलं की तयारीची गरज नव्हती. वकील पुढे वाकला. इथे त्याचा सापळा होता. "बरं. तुमच्या भावाचं ऑपरेशन झालं, महिनाभर ते अंथरुणावर होते. तरी त्यांचा कारखाना एक दिवस बंद नव्हता. कोण चालवत होतं? तुम्हीच ना?"

"कसलं ऑपरेशन?" थोरल्याने विचारलं.

ते त्याने वकिलाला विचारलं नव्हतं. तो धाकट्याकडे बघत होता. धाकट्याने नजर टेबलावर ठेवली होती. वकील म्हणाला, "प्रश्न मी विचारतोय," पण त्याचा आवाज उतरला होता. मंडळाचे अध्यक्ष चष्मा काढून थोरल्याकडे बघत राहिले, मग त्यांनी तो परत घातला आणि काही लिहिलं. खोलीतल्या सगळ्यांना एकदमच कळलं की दावा संपला. हा अभिनय कुणाला करता आला नसता. धाकटा जिंकला. बाहेर जिन्यापाशी थोरल्याने त्याला गाठलं. "कसलं ऑपरेशन, छोट्या?"

"झालं ते. आता बरा आहे."

"अरे, पण कळवायचंस तरी."

धाकटा हसला. ते हसू जुनं होतं, वीट नाचवणाऱ्याचं होतं, त्यामुळे अधिकच लागलं. "कळवलं असतं तर आज हरलो असतो ना, शेजारी," तो म्हणाला. मग कठड्याला धरून, एकेक पायरी जपून, खाली गेला.

आणि गेल्या हिवाळ्यात सरकारने मर्यादा वाढवली. कितीतरी पट वाढवली. सल्लागार पांढऱ्या मिशीने आला. कलप सोडून दिला होता. "आता दोघं एकत्र झालात तरी लहानच," तो म्हणाला. "पाडून टाका भिंत. उगाच मधे हवा अडते. बरोबर ना?" थोरला 'बघू' म्हणाला. त्या रात्री तो झोपला नाही, इतकं त्याला बरं वाटत होतं. कारण आता जायला निमित्त होतं, आणि तेही सरकारी. मला तू हवा आहेस असं म्हणायला नको, नियम बदललाय असं म्हटलं की झालं. फक्त सुरुवात कशी करायची? 'छोट्या' म्हणावं तर त्या जिन्यावरचा माणूस छोट्या नव्हता. नावाने हाक मारावी तर ती त्याने आयुष्यात मारली नव्हती. तो वाक्य जुळवत राहिला. वसंत गेला, उन्हाळा गेला. बायको म्हणाली, "अहो, भिंतीला कान असतात म्हणतात, तोंड नसतं. ते तुम्हालाच उघडायला लागेल." तो म्हणाला, "तोही येऊ शकतो की. नियम त्यालाही कळला असेल." ती म्हणाली, "कळला असेल. आणि तोही तिकडे बसून हेच म्हणत असेल. सख्खेच ना तुम्ही."

मोजणीदार गेल्यानंतर दुपारपर्यंत थोरला काम करत राहिला. दोन साचे त्याने कच्चे उघडले, रबर चिकट, पुरतं न शिजलेलं निघालं. पलीकडचे रूळ बंद होते. आज सुट्टी नाही, वीज आहे, मग बंद का, हा प्रश्न सकाळपासून कानांत होता आणि त्याने तो डोक्यापर्यंत येऊ दिला नव्हता. अडीचला तो हात न धुताच उठला. रस्त्याने, हातगाडी यायची त्या वळशाने, पलीकडच्या दाराशी गेला. दाराला नवा हिरवा रंग होता. कधी लावला? आत रूळ आणि प्रेस ग्रीस फासून कापडाने झाकलेले. रुळांवर काम करणारा जुना कारागीर एकटाच स्टुलावर बसून डबा खात होता. त्याने थोरल्याला पाहिलं आणि घास हातातच ठेवून उभा राहिला.

"मालक नाहीत. नोंदणी कार्यालयात गेलेत."

"आज?"

"आजच. सकाळी माप, दुपारी सही. घेणारा घाईत आहे." त्याने घास डब्यात परत ठेवला. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

थोरल्याने भिंतीकडे पाहिलं. ही बाजू त्याने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. त्याच्या बाजूला गिलावा होता. इकडे विटा उघड्याच होत्या, सांध्यांमधलं सिमेंट हाताने दाबलेलं, बोटांचे ठसे तसेच. खिडकी बुजवलेली जागा वेगळी दिसत होती, कारण तिथल्या विटा नीट बसवल्या नव्हत्या. घाईत, किंवा मनात नसताना, कशातरी कोंबल्या होत्या. धाकट्याने गिलावा का केला नाही? पैसे नव्हते म्हणून, की कधीतरी पाडायचीच म्हणून? विचारायला हवं होतं. कितीतरी गोष्टी विचारायला हव्या होत्या. ऑपरेशन कसलं होतं, हेही अजून माहीत नव्हतं.

त्याने कारागिराकडून नंबर घेतला. नवा नंबर होता, थोरल्याकडे जुना होता. पहिल्यांदा नुसताच वाजला. मग तो आपल्या गाळ्यात परतला, परत बाहेर आला, रस्त्यावर उभं राहून लावला. नोंदणी कार्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं, आता निघून वेळेत पोचणं कठीण. तो निघाला नाही, आणि फोन लावणं सोडलं नाही. पावणेपाचला कुणीतरी उचलला. तरुण बाईचा आवाज होता.

"कोण?"

"मी काका."

"कुठले काका?"

"सख्खा," तो म्हणाला.

पलीकडे गर्दीचा आवाज आला, खुर्च्या सरकल्याचा, कुणी टोकनचा नंबर पुकारल्याचा. मग ती म्हणाली, तिचं बोलणं सावध होतं पण तुटक नव्हतं, "बाबा आत आहेत. सहीच्या रांगेत. आत फोन नेऊ देत नाहीत, माझ्याकडे दिलाय. काही निरोप आहे?"

"त्याला सांग, सही करू नकोस. सांग की भिंत पाडता येते आता. नियम बदललाय."

"कुठली भिंत?"

तो सांगू लागला. सांगताना त्याला जाणवलं की ही मुलगी त्या भिंतीइतक्याच वयाची असेल. तिच्या लेखी ती भिंत कुणी घातलेली नव्हती, ती होती, जशा भिंती असतात. तो थांबला. जुळवलेलं वाक्य कुठेतरी होतं, ते सापडेना. "तू फक्त एवढं सांग," तो म्हणाला, "की दादाचा फोन आहे. म्हणावं, दादा म्हणतोय, येऊ दे."

"काय येऊ दे?"

"त्याला कळेल. जा ग, लवकर जा."

"थांबा, आत सोडतात का बघते," ती म्हणाली. फोन बंद केला नाही. चपलांचा आवाज, धाप, कुणाला तरी ती म्हणत होती, एक मिनिट, घरचा निरोप आहे. मग एका पुरुषाचा कंटाळलेला आवाज आला, वेळ संपली, दार लावतोय, आत असतील ते आत, बाहेर असतील ते बाहेर. जड दार फरशीवर घासलं. त्यानंतर फोन तुटला.

तेव्हा पाच वाजून दोन मिनिटं झाली होती. मुलगी दाराच्या कुठल्या बाजूला राहिली, हे सव्वापाचपर्यंत कळलं नव्हतं, आणि फोन परत लागत नव्हता.